दिसलं नाही म्हणजे नव्हतं, असं नाही: नर्मदा जिल्ह्यातले वनहक्क दावे आणि उपग्रहाची चित्रं

निती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी गरिबीचा राष्ट्रीय निर्देशांक प्रसिद्ध केला, तेव्हा महाराष्ट्रात सर्वांत वाईट स्थिती नंदुरबारची निघाली. २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीच्या आधाराने तिथले ५२.१२ टक्के लोक गरीब ठरले. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने अक्कलकुव्याहून पश्चिमेला निघालं की गुजरातचा नर्मदा जिल्हा लागतो. सागबारा आणि देडियापाडा हे त्याचे इकडचे तालुके. जिल्ह्यातले दहातले आठ लोक आदिवासी, त्यांत वसावा आणि तडवी बरेच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्या यादीत सीमेच्या अलीकडचा नंदुरबारही होता आणि पलीकडचा नर्मदाही.

गरिबीचा असा नकाशा वरच्या पातळीवर कामाचा असतो. निधी कुठल्या जिल्ह्याकडे वळवायचा, कुठे आधी जायचं, हे त्यावरून कळतं. पण सातपुड्यातल्या एखाद्या कुटुंबाची गरिबी ज्या निर्णयावर अडलेली असते, तो निर्णय जिल्ह्याच्या रंगात दिसत नाही. तो असतो एक-दोन एकरांचा. आजोबांपासून कसत आलेला डोंगरउतारावरचा तुकडा आपला की 'फॉरेस्ट'चा, एवढाच तो प्रश्न. या प्रश्नाचं उत्तर द्यायला जेव्हा जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, मैदानात उतरली तेव्हा काय झालं, हे पाहायला नर्मदा जिल्ह्याइतकं बोलकं प्रकरण मला दुसरं माहीत नाही. तिथे एकाच तंत्राने आधी दावे पाडले आणि पुढे त्याच तंत्राने ते उभे केले.

दावा म्हणजे काय

'अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम' डिसेंबर २००६ मध्ये संसदेत संमत झाला, ३१ डिसेंबर २००७ रोजी अंमलात आला आणि १ जानेवारी २००८ रोजी त्याचे नियम आले. बोलीत सगळे त्याला वनहक्क कायदा म्हणतात. १३ डिसेंबर २००५ रोजी जी वनजमीन एखादं आदिवासी कुटुंब प्रत्यक्ष कसत होतं, तिच्यावरचा त्यांचा हक्क मान्य करायचा, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत. आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. हक्क वारसाने पुढे जातो, पण जमीन विकता येत नाही. विवाहित असतील तर पती-पत्नी दोघांची नावं सनदेवर यायला हवीत, हे कायद्याच्याच कलमात आहे.

दावा आधी गावात दाखल होतो. वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग कागद उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातात. कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की ज्यांच्या शेताला कधी सातबाराच नव्हता त्यांच्याकडे कागद मागून उपयोग नाही. म्हणून पुराव्यांची यादी मुद्दाम रुंद ठेवली गेली. त्यात जुने नकाशे, जनगणना, सर्वेक्षण अहवाल आणि उपग्रहाची चित्रं आहेत. रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र आहे. शेताचे बांध, सपाटीकरण, झोपडी अशा जमिनीवरच्या खुणा आहेत. आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही आहे. यांतल्या एकाहून अधिक पुराव्यांचा विचार करायचा, असं नियम सांगतो. वनखात्याने पूर्वी 'अतिक्रमणा'साठी दंड केला असेल तर त्या पावतीचंही इथे सोनं होतं. जी पावती एकेकाळी गुन्ह्याची नोंद होती, तीच आता 'हे कुटुंब त्या साली इथे कसत होतं' असं सांगते. डब्यात, पत्र्याखाली, देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेल्या अशा पावत्या मी हातात घेतल्या आहेत. घडीवर फाटलेल्या, शाई उडालेल्या. ज्यांनी दंड भरला त्यांनीच त्या जपल्या.

सनदेचा गरिबीशी संबंध अगदी थेट आहे. जमीन आपली आहे याची खात्री नसेल तर माणूस बांध घालत नाही. पुढच्या वर्षी गार्ड येऊन उभं पीक मोडेल अशी धास्ती असताना दगड वाहून ताल कोण रचणार? सनद मिळाली की रोजगार हमीतून त्याच जमिनीवर सपाटीकरण, बांधबंदिस्ती, विहीर अशी कामं घेता येतात. दुसरी खासगी जमीन नसलेल्या सनदधारक आदिवासी कुटुंबाला २०१४ पासून वर्षाला १०० ऐवजी १५० दिवसांचं काम मागता येऊ लागलं. पाणी अडलं, माती टिकली, तर खरिपानंतर हरभरा निघतो. आणि हरभरा निघाला तर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जावं लागत नाही, किंवा घरातलं एक माणूस तरी मागे राहतं.

गांधीनगरच्या पडद्यावर

केंद्रीय आदिवासी मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार गुजरातेत सुमारे १ लाख ८२ हजार वैयक्तिक दावे दाखल झाले. एवढे दावे तपासायचे, तेही मुदतीत, म्हणजे यंत्रणेवर ताण येणारच. गुजरात सरकारकडे गांधीनगरची बायसॅग ही संस्था होती, जिचं कामच अवकाश तंत्रज्ञान आणि भू-माहिती हे. दाव्याची जागा उपग्रहाच्या चित्रावर बसवायची, २००५ च्या सुमारास तिथे शेत दिसतं का पाहायचं, दिसलं तर मान्य, नाही दिसलं तर अमान्य, अशी पद्धत पडली. ग्रामसभेने मान्य केलेले कितीतरी दावे वरच्या समित्यांत या एका कारणावर नाकारले गेले.

हा विचार कुठून आला हेही समजून घेतलं पाहिजे. वनखात्याची भीती निव्वळ कल्पनेतली नव्हती. कायदा येतोय हे कळल्यावर काही ठिकाणी नवं जंगल तोडून 'जुनं शेत' उभं करण्याचे प्रकार होऊ शकतात, आणि ते पकडायला जुन्या तारखेचं चित्र हे उत्तम साधन आहे. चित्राला नातेवाईक नसतात, ते दबावाखाली जबाब बदलत नाही. म्हणून चित्र वापरायला माझा विरोध नाही, माझा तर व्यवसायच तो आहे. गडबड दुसरीकडे आहे. चित्राला जे विचारलं गेलं, त्याचं उत्तर द्यायची ताकद त्या चित्रात होती का, हे आधी कुणी तपासलं नाही.

एक एकर किती चौकोनांचा?

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण सगळं प्रकरण या हिशेबावर उभं आहे.

उपग्रहाचं चित्र चौकोनांचं बनलेलं असतं. एका चौकोनाला एकच रंग. त्या चौकोनाच्या आत अर्धं शेत आणि अर्धं झुडूप असेल तर दोन्हींची सरासरी होऊन तिसराच रंग येतो. २००५ च्या सुमारास आपल्याकडे रिसोर्ससॅट-१ हा उपग्रह होता, ऑक्टोबर २००३ मध्ये सोडलेला. त्यावरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा चौकोन २३.५ मीटरचा, लिस-४ चा ५.८ मीटरचा. मे २००५ मध्ये कार्टोसॅट-१ गेला. त्याचा चौकोन अडीच मीटरचा, पण चित्र कृष्णधवल.

आता डोंगरउतारावरचा एक एकराचा तुकडा घ्या. सातपुड्यात असा तुकडा बहुधा नाल्याला समांतर, लांबट असतो. समजा ३० मीटर रुंद आणि १३५ मीटर लांब. लिस-३ च्या चित्रात हा अख्खा एकर सात चौकोनांत संपतो, आणि रुंदीत जेमतेम सव्वा चौकोन येतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौकोनात शेताबरोबर कडेचं रानही मिसळलेलं. अशा चित्रात 'शेत दिसत नाही' हे वाक्य शेताबद्दल काहीच सांगत नाही, ते कॅमेऱ्याबद्दल सांगतं. लिस-४ मध्ये तोच एकर १२० चौकोनांचा होतो, रुंदीत पाच. म्हणजे शेत असल्याचा अंदाज येऊ लागतो. कार्टोसॅटमध्ये साडेसहाशेच्या घरात. तिथे बांधाची रेघ दिसू शकते, नांगराचा पोत दिसू शकतो, पण रंग नसल्यामुळे हिरवं पीक आणि हिरवं झुडूप यांतला फरक सावलीवरून आणि पोतावरून ओळखावा लागतो. त्याला मुरलेली नजर लागते, आणि ती लाखभर दाव्यांना पुरत नाही.

मग ऋतू. पावसावरची शेती जून ते ऑक्टोबर. ज्वारी, तूर, मका, भात, उडीद, सगळं या काळात उभं असतं, आणि नेमका याच काळात सातपुडा ढगाखाली असतो. स्वच्छ चित्र मिळतं ते पावसाळा सरल्यावर. तोवर पीक निघालेलं, शेत कोरडं, त्यावर वाळलेलं गवत. जानेवारी-फेब्रुवारीत सागाची पानंही झडतात. वरून पाहिलं तर कापणी झालेलं शेत आणि निष्पर्ण विरळ रान दोन्ही एकाच करड्या रंगाचे. त्यातून हलक्या जमिनीला विसावा म्हणून एखादं वर्ष शेत पडीक सोडलं असेल, आणि चित्र नेमकं त्याच वर्षाचं असेल, तर संपलंच.

तिसरी गोष्ट झाडांची. आदिवासी शेतकरी शेतातला मोह तोडत नाही. मोहाची फुलं वेचून घरात पैसा येतो, टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बीचं, तेल निघतं. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडोऱ्याचं छत्र १० टक्क्यांच्या वर असलं की ती जागा वनाच्छादित धरली जाते, जमीन कुणाची आणि वापर कशासाठी हे न पाहता. देशभराचा अंदाज काढायला ही व्याख्या ठीक आहे. पण १२ मीटर व्यासाच्या छत्राचा मोठा मोह सुमारे ११३ चौरस मीटर जागा झाकतो. असे नऊ मोह एका हेक्टरात उभे असले की छत्र १० टक्क्यांच्या वर गेलं. खाली तूर डोलत असली तरी वरून ते 'विरळ वन'. ज्या कुटुंबाने झाडं राखली, त्याचाच दावा झाडांमुळे पडतो. एखाद्या पोरानेसुद्धा ऐकलं तर म्हणेल, हे उलटंच झालं.

आणि शेवटी चित्रावर शेताची जागा बसवायची अडचण. हातातलं जीपीएस यंत्र उघड्यावर चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, झाडाखाली किंवा दरीत त्याहून जास्त. वनखात्याचे जुने कंपार्टमेंट नकाशे, म्हणजे जंगलाचे गट दाखवणारे, वेगळ्या मोजणीच्या पायावर काढलेले. ते आजच्या पायावर नीट न बसवता चढवले तर सीमा सरकते, आणि कधीकधी शेताच्या रुंदीपेक्षाही जास्त सरकते. मग पडद्यावर आपण पाहतो ते शेजारचं रान आणि निकाल देतो या शेताचा.

यातला एकही दोष लपवलेला नव्हता. जीआयएस शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे सगळं शिकवतात. पण छापील रंगीत चित्र समितीच्या टेबलावर आलं की त्याचं वजन वाढतं. समोर म्हाताऱ्याचा अंगठा लावलेला जबाब आणि शेजारी अंतराळातून काढलेला नकाशा. अधिकारी कशावर विश्वास ठेवणार?

गावाने काढलेला नकाशा

आर्च वाहिनी ही संस्था या भागात आरोग्याचं काम करत आली आणि सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या पुनर्वसनातही ती होती. दावे नाकारले जाऊ लागल्यावर त्यांनी उपग्रहाला शिव्या घालत बसण्याऐवजी तेच तंत्र गावात आणलं. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

गावातल्या तरुणांना हातातलं जीपीएस वापरायला शिकवलं. वनहक्क समितीच्या लोकांबरोबर, शेजाऱ्यांच्या साक्षीने, दावेदाराने दाखवलेल्या कडेने चालायचं आणि वळणावळणावर बिंदू घ्यायचा. एका शेताला दहा-पंधरा बिंदू. घरी येऊन संगणकावर ते जोडले की शेताचा बंद आकार तयार होतो, क्षेत्रफळ मिळतं. असे सगळ्या गावाचे आकार एकत्र मांडले, की पहिल्यांदा गावाच्या लोकांनाच आपलं गाव वरून दिसतं. दोन शेतांचे आकार एकमेकांवर चढले असतील तर तिथल्या तिथे दोघे भाऊबंद वाद मिटवतात किंवा परत जाऊन मोजतात. मग हे आकार गुगल अर्थवर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून घेतलेल्या चित्रांवर ठेवायचे. जिथे मोठ्या चौकोनाच्या चित्रात काहीच कळत नव्हतं, तिथे बारीक चित्रावर शेताची कड आणि चाललेली रेघ एकमेकींना लागून आलेल्या दिसतात.

यात किती ताकद आहे हे बाहेरच्याला चटकन लक्षात येत नाही. तोपर्यंत दावेदाराकडे समितीला सांगायला एकच वाक्य होतं, 'आम्ही कसतो.' आता तो म्हणू शकत होता, 'तुमच्या नकाशात माझं शेत या जागी दाखवलंय, पण ते इथे नाही, तिथे आहे. आणि तिथे पाहा.' वाद 'शेत आहे की नाही' यावरून 'तुम्ही चुकीची जागा पाहिलीत' इथे आला. अशा वादात गावातला पोरगा आणि गांधीनगरचा तंत्रज्ञ समोरासमोर बसू शकतात.

न्यायालयात

आर्चने २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ती सुरू असतानाच, सप्टेंबर २०१२ मध्ये, केंद्राने वनहक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यातला एक पोटनियम या वादावर नेमका बोट ठेवणारा आहे. उपग्रहचित्रं आणि इतर तंत्रज्ञान बाकीच्या पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, पुराव्यांची जागा ते घेऊ शकणार नाही, असं त्यात आहे. ३ मे २०१३ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला. केवळ उपग्रहचित्राच्या आधारावर दावा नाकारता येणार नाही, नियमांत सांगितलेले बाकीचे पुरावेही पाहावे लागतील, आणि अशा रीतीने नाकारलेले दावे पुन्हा तपासावेत, असा त्याचा आशय.

निकाल आला म्हणून दुसऱ्या दिवशी सनदा वाटल्या गेल्या असं झालं नाही. फेरतपासणीला वर्षं लागली. काही दावे पूर्ण क्षेत्राने मान्य झाले, काही कमी क्षेत्राने. गुजरातच्या मान्य वैयक्तिक दाव्यांचा आकडा पुढे ८० हजारांच्या वर गेला. ज्यांना मिळालं त्यांना मिळालं, पण तेव्हाही एक लाखाच्या आसपास दावे त्या आकड्याबाहेरच होते. त्यांतले किती खरे आणि किती खोटे, हे कुठल्याही एका चित्रावरून सांगता येणार नाही.

निर्णय कसा घ्यायला हवा होता

समजा मी त्या उपविभागीय समितीत तांत्रिक सल्लागार म्हणून बसलो असतो. मी चित्राला एकच गोष्ट सांगितली असती. तू 'हो' म्हणालास तर तुझं ऐकू, तू 'नाही' म्हणालास तर आधी तुझी लायकी तपासू.

२००५ च्या चित्रात शेताचा आकार स्पष्ट दिसतो आणि तो जीपीएसच्या आकाराशी जुळतो, तर प्रश्न मिटला. असा दावा लगेच पुढे पाठवावा. त्या कुटुंबाला आणखी चकरा मारायला लावण्याचं काही कारण नाही. नर्मदेसारख्या जिल्ह्यात निव्वळ या एका चाळणीने कितीतरी फायली महिन्याभरात हातावेगळ्या झाल्या असत्या, आणि जीआयएसचा गरिबांना सर्वांत मोठा उपयोग तोच आहे. जिथे खात्री आहे तिथे वेळ वाचवायचा.

चित्रात शेत दिसत नाही, तर आधी चार प्रश्न. चौकोन किती मीटरचा? चित्र कुठल्या महिन्याचं? शेतात झाडं आहेत का? सीमा नीट बसवली आहे का? यांतलं एकही उत्तर शंकेचं असेल तर चित्र बाजूला ठेवायचं. निर्णय बांधावर, पावतीवर, वडीलधाऱ्यांच्या जबाबावर आणि जागेवरच्या पाहणीवर घ्यायचा. अडीच मीटरच्या चित्रात २००५ मध्ये संपूर्ण तुकड्यावर सलग दाट छत्र दिसतं, २००८ मध्ये तोच तुकडा बोडका, आणि जागेवर गेल्यावर ताज्या तोडीचे बुंधे सापडतात, तर मात्र दावा नाकारावा. तिथे माझाही हात नाकारण्याच्या बाजूने वर जाईल. पण हे तिन्ही एकत्र हवेत.

कुणी म्हणेल, ही ढिलाई झाली. मी म्हणेन, दोन चुकांचं वजन सारखं नाही. खोटा दावा चुकून मान्य झाला तर एखादा एकर वनजमीन न विकता येणाऱ्या हक्कात अडकते. खरा दावा चुकून नाकारला तर एक कुटुंब आपल्याच शेतात पुन्हा अतिक्रमणकर्तं ठरतं. त्या घराचा हरभरा, विहीर, पोरांची शाळा, सगळं त्या एका फुलीवर जातं. तराजू कुठे झुकवायचा हे संगणक ठरवत नाही, आपण ठरवतो. गुजरातेत ते न ठरवताच यंत्र सुरू केलं गेलं.

हे जुनं झालं असंही नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे नाकारले गेलेल्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला आणि वन सर्वेक्षण संस्थेला उपग्रहाच्या मदतीने अतिक्रमणांची पाहणी करायला सांगितलं. देशभर गदारोळ झाला. राज्यांनी नाकारण्याची प्रक्रिया नीट पाळली होती का हा प्रश्न पुढे आला, आणि २८ फेब्रुवारीला हटवण्याला स्थगिती मिळाली. म्हणजे तेच चित्र, आता दुसऱ्या कामासाठी. एका थरावर 'नाकारलेला दावा' असा लाल आकार आणि त्याखाली 'येथे शेती दिसते' असं उपग्रहाचं चित्र ठेवलं, की ते अतिक्रमण ठरतं. २००५ ला न दिसलेलं शेत २०१९ ला दिसतं, आणि दोन्ही वेळा निकाल त्याच माणसाच्या विरोधात जातो. म्हणून नाकारलेल्या प्रत्येक आकाराच्या तक्त्यात नाकारण्याचं कारण, चित्राची तारीख, चौकोनाचं माप आणि जागेवर कोण गेलं होतं, हे रकाने असायलाच हवेत. जीआयएसमध्ये रकाना वाढवायला दोन मिनिटं लागतात.

अलीकडच्या बाजूला

महाराष्ट्रातही हा प्रश्न तितकाच तापलेला आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या हजारो शेतकऱ्यांत मोठा भाग आदिवासींचा होता आणि वनहक्क दाव्यांचा निपटारा ही त्यांची मुख्य मागणी. फोड आलेल्या त्या पायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले.

अक्कलकुवा तालुक्यातल्या एका पाड्यावर मी मोजणीला गेलो होतो, तेव्हाची एक गोष्ट. नवरा बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेला, शेत दाखवायला बायको आली. सोबत शेजारचे दोघे आणि समितीचा एक जण. उतार तीव्र होता, खालच्या अंगाला नाला. मी यंत्र हातात घेऊन सोयीची वाट धरली आणि कोपरा कापून पुढे गेलो. ती मागून ओरडली, "दादा, तिकडून नका ना जाऊ. मोह आमचा हाय. मोहाच्या भायेरून या."

मला वाटलं, दोन पावलांचा फरक. परत गेलो, नाल्याच्या काठाने उतरलो, चार मोह आत घेत वर चढलो. संध्याकाळी संगणकावर दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या. माझ्या सोयीच्या वाटेने शेत ३१ गुंठे भरलं होतं, तिच्या वाटेने ३८. सात गुंठे आणि चार मोह मी नुसत्या आळसाने उडवले असते, आणि यंत्राने ते आकडे तितक्याच ठामपणे दाखवले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेली वरची कड मोजायची होती. मी तक्ता उघडून बसलो होतो आणि ती शेजारी उभी राहून पडद्याकडे पाहत होती. अक्षर वाचता येत नसलं तरी नवऱ्याचं नाव तिने ओळखलं. मला म्हणाली, "माझं कुठं लिवलं?"

तक्त्यात 'धारक' असा एकच रकाना होता, मीच केलेला. कायद्याचं कलम मला पाठ होतं. मी शेजारी दुसरा रकाना घातला, तिने सांगितलं तसं तिचं नाव लिहिलं, तिला दाखवलं, आणि आम्ही वरच्या मोहापासून पुढची कड चालायला निघालो.